वीस मिनिटं डोळे मिटून बसणं जमत नाही, मग मी काय करू?

पत्र:

शालोम मावशी,

मी ठाण्यात राहते, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, वय ३८, बँकेत आहे, ऑफिस फोर्टला. मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ चा. सासूबाई आमच्यासोबत असतात, मिस्टरांची शिफ्ट ड्यूटी. ऑफिसात वेलनेस सेशन झालं त्यात माइंडफुलनेस शिकवलं, रोज वीस मिनिटं शांत बसा, श्वासाकडे बघा वगैरे. मी ॲप घेतलं, पहाटे साडेपाचचा अलार्म लावला, पण बसले की एकतर डोळा लागतो नाहीतर डब्याला काय द्यायचं ते डोक्यात सुरू होतं. आता ते ॲपच रोज आठवण करून देतं की तुमचा कालचा खाडा पडला. इन्स्टावर अमेरिकेतल्या ज्यू आया दिसतात, पांढरा टेबलक्लॉथ, वेणी घातलेला शब्बाथचा हल्ला ब्रेड, हसरी मुलं. माझा शुक्रवार म्हणजे ५.४० ची फास्ट, कुकरच्या शिट्ट्या आणि आरडाओरडा. शब्बाथचे, आपल्या विश्रांतीच्या दिवसाचे दिवे पेटवून डोळ्यांवर हात ठेवते तेव्हा मनात एकच येतं, झालं एकदाचं. मग मिस्टर एशेत हाइल, ते गुणी बाईचं स्तुतिगीत, वाचतात, त्यातली ती बाई रात्र असतानाच उठते, तिचा दिवा रात्रीही विझत नाही, आणि मला रडू येतं. बहीण इस्रायलमध्ये अश्दोदला असते, ती म्हणते तुम्ही तिकडे धड काही पाळत नाही म्हणून असं होतं. मैत्रीण म्हणते इगतपुरीला दहा दिवस विपश्यना कर. आपल्यात चालतं का ते? मुलांवर जीव आहे, घर चांगलं आहे, तक्रार करावी असं काही नाही, पण आनंद असा कुठे वाटत नाही. काय करू?

उत्तर:

शालोम पोरी,

पहिलं काम, तो साडेपाचचा अलार्म बंद कर आणि झोप. रात्री साडेअकराला ओटा पुसून झोपणारी बाई पहाटे साडेपाचला डोळे मिटून बसली तर तिला झोप लागणारच, तो तुझ्या शरीराचा शहाणपणा आहे. ॲपपण काढून टाक. ज्याला तुझं घर माहीत नाही, तुझा ४ वर्षांचा मुलगा माहीत नाही, त्याने रोज तुला खाडा पडला म्हणून सांगावं आणि तू ते मनाला लावून घ्यावंस असं मला अजिबात वाटत नाही.

विपश्यनेचं विचारलंस. शांत बसून श्वासाकडे बघणं यात पाप काही नाही, आणि आपल्यातली माणसं अशा ठिकाणी जाऊन आलेली आहेत, तुला कधी जावंसं वाटलं तर आपल्या हझानशी, म्हणजे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याशी, एकदा बोलून घे आणि जा. पण आत्ता, दोन लहान मुलं आणि नोकरी सांभाळताना, दहा दिवस फोनशिवाय घराबाहेर राहणं तुला जमण्यातलं नाही हे तूही जाणतेस, आणि तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं तेव्हा मला असं वाटलं की तुला घराबाहेर जाऊन मिळणारी शांती नकोच आहे, तुला त्याच घरात, त्याच गडबडीत, मुलांबरोबर असताना आपण तिथे आहोत असं वाटायला हवंय. त्याची सोय आपल्या धर्मात फार जुनी आहे आणि ती तुला अर्धीअधिक पाठ आहे, म्हणून त्याबद्दलच लिहिते.

आधी एक ओझं उतरवते. तुला वाटतंय की ठरलेल्या वेळी ठरलेलं बसणं जमत नाही म्हणजे आपण कमी पडतो. मिश्नामध्ये, म्हणजे आपल्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात, किद्दुशीन नावाच्या भागाच्या पहिल्याच अध्यायात, सांगून ठेवलंय की ज्या आज्ञा विशिष्ट वेळेला बांधलेल्या आहेत त्यातल्या बहुतेकांतून बायकांना सूट आहे. शब्बाथचे दिवे, किद्दुश म्हणजे पेल्यावरचा आशीर्वाद, पेसाह सणाची बेखमीर मात्सा अशा काही गोष्टी आपल्यावर आहेत, पण घड्याळ लावून प्रार्थनेला उभं राहायचं ते पुरुषांसारखं आपल्यावर नाही. याचं कारण लोक वेगवेगळं सांगतात, त्यात मी जात नाही, पण मला यातून एवढं घ्यावंसं वाटतं की जिच्या कडेवर मूल आहे तिचा वेळ तिच्या हातात नसतो हे आपल्या लोकांनी अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीच मान्य केलं होतं. मग तुझ्या बँकेतल्या त्या सेशनवाल्यांनी ते मान्य केलं नाही म्हणून तू का झुरायचं?

आणि प्रार्थना कशी असते हे आपण शिकलो तेही एका बाईकडूनच. हन्ना, शमुवेलची आई. शिलोला गेली, मनातल्या मनात बोलत होती, नुसते ओठ हलत होते, आवाज नव्हता, एली याजकाला वाटलं ही दारू प्यायली आहे. तिने सांगितलं नाही महाराज, मी मन मोकळं करते आहे. रोश हशानाला, आपल्या नव्या वर्षाला, सिनेगॉगमध्ये हीच गोष्ट वाचतात, आणि तल्मूदमध्ये, मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात, म्हटलंय की प्रार्थनेचे कितीतरी नियम हन्नाकडून शिकण्यासारखे आहेत. बघ, ती काही शांत नव्हती, रडत होती, जेवत नव्हती, घरात सवतीचे टोमणे खात होती. तेव्हा आधी मन शांत करा मग देवाकडे या असं आपल्यात कुणी सांगत नाही.

आता बेराखांबद्दल, म्हणजे देवाला धन्य म्हणणाऱ्या छोट्या छोट्या प्रार्थनांबद्दल, कारण माझं खरं म्हणणं यातच आहे.

आपल्यात दिवसभरात बारीक बारीक बेराखा आहेत, तल्मूदमध्ये रब्बी मेईर तर म्हणतात माणसाने रोज शंभर म्हणाव्यात. शंभर ऐकून घाबरू नकोस, मी तुला तीन म्हणायला सांगणार आहे. पण त्या कशा चालतात ते आधी बघ. हातात केळं घेतलंस, खाण्याआधी बेराखा म्हणायची, आणि नियम असा आहे की बेराखा संपल्यापासून पहिला घास घेईपर्यंत मध्ये बोलायचं नाही. एवढंच. पाच-सात सेकंदांचं काम. पण त्या पाच-सात सेकंदांत हात थांबतो, तोंड थांबतं, आणि हातातली वस्तू काय आहे हे बघावंच लागतं कारण झाडाच्या फळाची बेराखा वेगळी, जमिनीतून येणाऱ्याची वेगळी, चपाती-पावाची वेगळी. आणि केळं, लोकांना वाटतं झाडाचं फळ, पण त्याची बेराखा बोरे पेरी हाअदामा, जमिनीच्या पिकाची, कारण केळीला झाडासारखं टिकणारं खोड नसतं, एकदा घड दिला की ती केळ संपते आणि बाजूने नवीन उगवते. तुझ्या मुलीला हे सांग, ९ वर्षांची मुलं अशा गोष्टींवर जाम खूश होतात, मग ती प्रत्येक फळाला विचारत सुटेल आणि तुला आठवण करून द्यायला ॲप लागणार नाही.

तर तीन. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या, अंथरुणातच, मोदा अनी. मी तुझे आभार मानते, जिवंत राजा, तू माझा आत्मा मला परत दिलास, तुझा विश्वास मोठा आहे. तुला ते लहानपणी शिकवलं असेलच. शेवटचे शब्द नीट बघ, तिथे आपला देवावरचा विश्वास नाहीये, देवाचा विश्वास आहे, म्हणजे काल काय बिनसलं, कुणावर ओरडलीस, काय राहिलं, ते सगळं माहीत असूनही त्याने आजचा दिवस तुझ्या हातात दिलाय. फोन हातात घ्यायच्या आधी हे एक वाक्य. मुलगा शेजारी झोपत असेल तर त्याच्या कानात म्हण, तोही म्हणायला लागेल.

दुसरी आशेर यात्सार, बाथरूममधून आल्यावर हात धुऊन म्हणायची. ही तल्मूदच्या काळातल्या अबाये या विद्वानाच्या नावावर आहे. लोकांना संकोच वाटतो, मला ही सगळ्यांत आवडते. त्यात म्हटलंय की तू माणसाला शहाणपणाने घडवलंस, त्याच्यात मार्ग आणि पोकळ्या केल्यास, त्यातली एखादी जरी नको तिथे उघडली किंवा बंद झाली तरी माणूस उभा राहू शकणार नाही. ज्या घरात कुणाची किडनी स्टोनने रात्र काढून झालीय त्या घरातल्या माणसाला ही बेराखा समजावून सांगावी लागत नाही. आणि लहान मुलांच्या आईला दार लावून एकटं असायला मिळणारी ती एकच जागा असते गं, बाहेर आलीस की हात पुसता पुसता अर्धं मिनिट स्वतःच्या शरीराचे आभार मान, जे शरीर दोन मुलं वाढवून रोज ठाण्याहून फोर्टला लोंबकळत जातं.

तिसरी तुला वर्षातून थोड्याच वेळा लागेल पण तीच मला वाटतं आनंदाच्या सगळ्यांत जवळची आहे. शेहेहेयानू. ज्याने आम्हाला जिवंत ठेवलं, सांभाळलं आणि या वेळेपर्यंत आणून पोचवलं. सणांना म्हणतो ती, पण हंगामातल्या नव्या फळालाही म्हणायची असते. पहिला हापूस घरी येतो ना, तो उभ्या उभ्या ओट्यापाशी कापून संपवू नका. सगळे जमा, सासूबाईंना हाक मार, मिस्टर ड्यूटीवर असतील तर ते येईपर्यंत थांबा, एकाने आंबा हातात घ्यायचा, झाडाच्या फळाची बेराखा, मग शेहेहेयानू, मग सगळ्यांनी आमेन आणि मग खायचा. तसंच पहिली जांभळं, पहिलं सीताफळ. वर्षभर मिळणाऱ्या फळांना हे नाही, वाट बघायला लागते त्याच फळांना आहे, आणि वाट बघणं मुलांना शिकवायला आजच्या दिवसात दुसरं साधन मला तरी माहीत नाही.

अजून पुष्कळ आहेत, त्यांचा हट्ट धरू नकोस, आपोआप येतील. स्टेशनबाहेर गजरेवाली बसते, मोगऱ्याचा वास घ्यायच्या आधी बोरे अत्से बेसामीम, सुगंधी झाडं घडवणाऱ्याची बेराखा. जूनमध्ये येऊरच्या बाजूने पहिला मोठा गडगडाट होतो त्याचीसुद्धा बेराखा आहे, शेकोहो उग्वुरातो माले ओलाम, ज्याच्या सामर्थ्याने आणि पराक्रमाने जग भरलंय, पण ती आवाज ऐकल्या ऐकल्या लगेच म्हणायची, दोन-चार सेकंदांच्या आत, उशीर झाला तर पुढच्या गडगडाटाची वाट बघायची. मुलं विजेला घाबरत असतील तर हे करून बघ, ती घाबरायची सोडून कोण आधी म्हणतंय त्याच्या मागे लागतात, माझ्या घरात दोन पिढ्यांवर हा उपाय चाललाय.

हिब्रू येत नसेल, अडखळत असशील, तर मराठीत म्हण. मनाचं सांगत नाही मी, मिश्नात सोता नावाच्या भागात स्पष्ट आहे की शेमा (देव एक आहे हे आपलं मुख्य वचन), प्रार्थना, जेवणानंतरची बेराखा कुठल्याही भाषेत म्हणता येते. आणि आपल्या लोकांनी तर मराठीला कधी कमी लेखलंच नाही, पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा मराठी अर्थासकट मुंबईत १८४६ ला छापली, पुण्यात १८७४ ला. तुला जे शब्द आतून कळतात तेच शब्द मुलांच्या कानावर पडू देत.

आता शुक्रवार. इथे मला जरा रोखठोक बोलावं लागेल.

आपल्या भागात नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य साधारण सहाला मावळतो आणि जुलैच्या सुरुवातीला जवळजवळ सात वीसला. दिवे सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी पेटवायचे. म्हणजे हिवाळ्यात दिव्यांची वेळ होते साधारण पावणेसहाच्या आत, आणि त्या वेळी तू कुठे असतेस, तर सीएसएमटीवर ५.४० ची फास्ट पकडत असतेस. तुझ्या भक्तीत काहीच कमी नाही बाळा, हे गणितच जुळणारं नाही, आणि जुळत नाही म्हणून तू दर शुक्रवारी धावत येतेस, उशिरा पेटवतेस, आणि मग झालं एकदाचं असंच वाटणार. सूर्यास्तानंतर पेटवू नये असा नियम आहे. ऑफिसमुळे आपल्यातल्या कितीतरी घरांत उशिरा पेटतात हे मला माहीत आहे आणि मी कुणाला नावं ठेवणार नाही, पण तुझ्या घरात दुसरा मार्ग आहे. दिवे लावायची जबाबदारी घराची असते, बाई नसेल तर पुरुषानेसुद्धा लावायचे असतात. सासूबाई घरी आहेत. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्यांनी लावावेत, मुलीला शेजारी उभं करून, आणि तू पोचशील तेव्हा घरात शब्बाथ आलेला असेल, तुला तो आणावा लागणार नाही. कुणीतरी आपल्यासाठी दिवा लावून ठेवलाय अशा घरात शिरणं हे सुख तू किती वर्षांत घेतलं नसशील. बँकेत मॅनेजरशी बोल, हिवाळ्याचे तेवढे चार महिने शुक्रवारी लवकर निघते, बदल्यात इतर दिवशी थांबते. दर वेळी होईलच असं नाही, पण मागितल्याशिवाय तर नक्कीच होणार नाही. उन्हाळा-पावसाळ्यात सूर्य उशिरा मावळतो, तेव्हा तू लाव, आणि लावून झाल्यावर डोळ्यांवरचे हात लगेच काढू नकोस. त्या वेळी आपल्या माणसांसाठी मागायचं असतं, एकेकाचं नाव घेऊन. तुझं स्वतःचं नावही घे, ते तू घेत नसणार.

स्वयंपाकाचं. शब्बाथला चार पदार्थ झालेच पाहिजेत असं कुणी सांगितलंय? रावसाची नारळाची आमटी, भात, चपात्या, एक कोशिंबीर, बास. वाटण गुरुवारी रात्री, मासे मिस्टरांनी आणायचे आणि साफही त्यांनी करायचे, शिफ्ट ड्यूटी आहे म्हणजे कधीतरी सकाळी घरी असतातच. हल्ला ब्रेड जमला तर उत्तम, नाही तर आपल्या आज्यांनी घरच्या पोळीवरच हामोत्झी, म्हणजे ब्रेडची बेराखा, म्हटलंय, अमेरिकेतल्या त्या बायकांचा ब्रेड सुंदर असेल पण तो त्यांच्या आजीचा आहे, आपल्या आजीचं वेगळं होतं. किद्दुशचं शरबत मात्र विकतचं आणू नकोस. काळ्या मनुका धुऊन गुरुवारी रात्री पाण्यात भिजत घालायच्या, दुसऱ्या दिवशी हाताने चांगल्या कुस्करायच्या आणि गाळायच्या. हे काम मुलाला दे. चार वर्षांच्या मुलाला हात घालून काहीतरी चिवडायला मिळणं यापरता आनंद नाही, शाळेतून आला की सासूबाई देतील पातेलं पुढ्यात, तो किद्दुशचा पेला वर उचलला की प्रत्येक वेळी सांगेल हे मी केलंय. सांडेल थोडं, सांडू दे.

आणि जेवायच्या आधी मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद. मुलाला एफ्राईम आणि मनश्शेसारखा हो, मुलीला सारा, रिब्का, राहेल आणि लेआसारखी हो, मग कोहेनांचा म्हणजे याजकांचा आशीर्वाद, तीन ओळी, हिब्रूत मोजून पंधरा शब्द. मुलाच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले की त्या वेळात दुसरं काहीही करता येत नाही. भांडं हलवता येत नाही, फोन बघता येत नाही, केसांचा वास येतो, तेल लावलंय की नाही ते कळतं. तू माइंडफुलनेस म्हणतेस ना, मी याहून वेगळं काही त्याला समजत नाही. मिस्टर आशीर्वाद देत असतील तर त्यांच्यानंतर तूही दे, आईने द्यायला कुठेच बंदी नाही.

एशेत हाइलबद्दल तुझं वाचून मला वाईट वाटलं, कारण ते गाणं तुझ्या बाजूचं आहे आणि तुला ते तुझ्याविरुद्ध वाटतंय. नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातली शेवटची २२ वचनं, आलेफपासून तावपर्यंत एकेका अक्षराने सुरू होणारी, म्हणजे कवीने बाईच्या गुणांसाठी सगळी अक्षरं वापरून टाकली. पण ती रात्र असतानाच उठते ते वचन पूर्ण वाच, १५ वं. ती उठते, घरच्यांना अन्न देते आणि आपल्या दासींना त्यांचं त्यांचं नेमून देते. दासी होत्या तिच्याकडे! ती एकटीने काही करत नव्हती, कामं वाटून देत होती. आणि शेवटी मुलं उठून तिला धन्य म्हणतात, नवरा तिची स्तुती करतो, म्हणजे हे घरच्यांनी तिला म्हणायचं आहे, तिने स्वतःला तपासायची यादी नाहीये ती. पुढच्या शुक्रवारी मिस्टर वाचतील तेव्हा तू उभी राहू नकोस, खुर्चीत बस, हातात काही घेऊ नकोस, आणि त्यांनी मराठीत वाचावं असं त्यांना आधीच सांग. शनिवारी रात्री हवदाला, शब्बाथ संपवायचा विधी, झाल्यावर त्यांच्याशी कामाच्या वाटणीचं नीट बोल, भांडून नाही, लिहून. कोणत्या वारी कोण काय. तुझ्या आनंदाचा बराचसा भाग त्या कागदावर अवलंबून आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते लवकर ऐकलंस तर बरं, कारण ओट्याशी एकटीच उभी असणारी बाई कितीही बेराखा म्हणाली तरी दमणारच.

बहिणीचं मनावर घेऊ नकोस. तिला तुझी काळजी आहे, परक्या देशात संसार करणाऱ्याला आपण निवडलेलंच बरोबर असं स्वतःला सांगावं लागतं, तेही समजून घे. पण धड काही पाळत नाही हे मात्र खरं नाही. आपली माणसं नवगावच्या किनाऱ्याला लागली असं आपण मानतो, त्यांच्याकडे ना पुस्तक होतं ना रब्बी, कोकणातल्या गावागावांत तेल काढत होती, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. शेमा आठवत होता, सुंता होत होती, खवले आणि पर नसलेला मासा घरात येत नव्हता. यातलं रोजचं कुणी सांभाळलं, तर स्वयंपाकघरातल्या बायकांनी. इस्रायलमध्येसुद्धा आपल्या लोकांना बेने इस्राएल खरे यहुदी आहेत हे मान्य करून घ्यायला १९६४ पर्यंत झगडावं लागलं, बहिणीच्या आसपासच्या वयस्कर लोकांना विचार म्हणावं, ते सांगतील.

आनंदाचं अजून एक सांगायचंय. तू आनंद एकटीत शोधते आहेस, ॲपमध्ये, पहाटे, सगळे झोपलेले असताना. तोरामध्ये, आपल्या धर्मग्रंथात, सणाला आनंद करा अशी आज्ञा आहे तिथे लगेच पुढे कुणाकुणाबरोबर तेही दिलंय, तू, तुझा मुलगा, मुलगी, नोकरचाकर, परका, अनाथ, विधवा. आपल्याकडे त्यासाठी मलिदा आहे. आपण मलिदा काय फक्त लग्न, बारसं, नवस फेडणं यालाच करतो, पण छोट्या गोष्टीलाही करता येतो गं, मुलगी तापातून उठली, मिस्टरांचं प्रमोशन झालं, काहीच नाही पण सगळे एकत्र आहोत. पोहे भिजवायचे, ओलं खोबरं, साखर किंवा गूळ, वेलची, सुकामेवा, भोवती फळं मांडायची, एलियाहू हन्नावीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, गाणं म्हणायचं, एकेका फळाची बेराखा म्हणायची आणि वाटायचं. मजल्यावरच्या शेजाऱ्यांना बोलाव, मग ते कुणीही असोत. शाळेला सुट्टी लागली की एकदा मुलांना अलिबागजवळ खंडाळ्याला घेऊन जा, जिथे एलियाहू हन्नावीच्या रथाच्या खुणा दगडावर उमटल्यात असं आपण मानतो, येताना नवगावला थांबा, मुलांना समुद्र मिळेल आणि तुला बसायला वाळू.

तक्रार करावी असं काही नाही असं लिहिलंयस, तरी रडू येतं. रडू आलं तर येऊ दे. सदासर्वकाळ आनंदी राहा असं आपल्यात कुणाला सांगितलेलंच नाही, उपदेशक नावाच्या आपल्या धर्मपुस्तकात रडण्याची वेळ आणि हसण्याची वेळ दोन्ही दिल्यात, आणि वर्षात दुःखाला स्वतःचा दिवस आहे, बिरड्याचा रोजा. यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवशी जमिनीवर बसून रडायचं आणि मग वालाचं बिरडं खायचं. पण एक लक्ष ठेव. दोन-तीन आठवडे सलग उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, मुलांजवळसुद्धा काही वाटेनासं झालं असेल, तर बेराखा म्हणत घरी बसू नकोस, डॉक्टरकडे जा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ तपासून घे, आपल्या बायकांचं हे बघायचं राहूनच जातं. आणि मन जड असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. जिवाला जपणं ही आज्ञाच आहे, त्यासाठी शब्बाथसुद्धा मोडायची परवानगी आहे, मग लाज कशाची.

आणि सासूबाई. पत्रात त्यांचं नाव एकदाच आलंय, सोबत असतात एवढंच. त्यांच्या वयाच्या आपल्या बायकांना मराठी कीर्तनं येतात, योसेफची, मोशेची, एस्तेरची, घरातल्या कार्यक्रमांना बसून म्हणायच्या. त्यांना येत असतील तर विचार, एखाद्या दुपारी भाजी निवडताना म्हणायला सांग, मुलांना शेजारी बसव, तुलाही त्या चालीत कधी गुंग झालीस ते कळणार नाही. फोनवर रेकॉर्डपण करून ठेव, पुढे मुलांना लागेल. फक्त रेकॉर्डिंग रविवारी कर, शब्बाथला नको.

तुझी,
मावशी